दगडखाणीचं पाणी पाणथळ वाफ्यातून कसं सोडावं

पुण्याजवळच्या वाघोली, मोशीच्या पट्ट्यात दगडखाणीत साठलेलं पाणी उपसलं की ते दुधट राखाडी दिसतं, म्हणून सगळ्यांचं लक्ष गाळाकडे जातं. नाल्याला जास्त त्रास देणारी दुसरी गोष्ट मात्र डोळ्यांना दिसत नाही, ती म्हणजे सुरुंगाच्या दारूतलं नायट्रोजन. एएनएफओ ही खाणीतली नेहमीची दारू म्हणजे वजनाने ९४ भाग अमोनियम नायट्रेट आणि ६ भाग डिझेल. सुरुंगाच्या होलमध्ये आधीच पाणी असलं, भरताना दारू सांडली किंवा एखादा सुरुंग अर्धवट उडाला, की अमोनियम नायट्रेट मिठासारखं विरघळतं आणि पावसाबरोबर खाणीच्या तळाशी जमा होतं. गाळ तळाशी बसतो, नायट्रेट बसत नाही.

म्हणून कामाची वाटणी पहिल्या दिवशीच ठरवून टाका. गाळ तळ्यात अडवायचा, नायट्रेट पाणथळ वाफ्यात, म्हणजे झाडं लावलेल्या उथळ पाण्यात. दोन्ही कामं वाफ्यावर लादली तर तो पहिल्याच पावसाळ्यात तुंबतो, आणि मग दोष मात्र झाडांना दिला जातो.

आणखी एक गैरसमज. पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये सांडपाण्यासाठी खडी भरलेले ‘रूट झोन’ वाफे असतात. तेच डिझाइन खाणीला चालेल असं वाटतं, पण दगडाची भुकटी खडीच्या फटींत सिमेंटसारखी बसते आणि ती काढायला पूर्ण वाफा उपसावा लागतो. खाणीसाठी वरून उघडं, कमरेच्याही खाली राहणारं उथळ पाणी आणि त्यात उभी झाडं, असा वाफा हवा. क्रश सँड धुण्याचं पाणी तर इथे आणूच नका. ते ताशी कित्येक टँकर असतं, त्याला स्वतःचं तळं आणि पुनर्वापराचा पंप वेगळाच लागतो.

आधी पाणी ओळखा

मे अखेर, जुलै आणि डिसेंबर अशा तीन वेळा नमुने घ्या. पीएच, टीडीएस (विरघळलेले क्षार), टीएसएस (तरंगता गाळ), नायट्रेट, अमोनिया, तेल-ग्रीस, क्षारता (आम्ल मारायची पाण्याची ताकद), सल्फेट आणि लोह एवढं तपासून घ्या. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधल्या सर्वसाधारण मानकांनुसार नाल्यात किंवा नदीत सोडायच्या पाण्यासाठी मर्यादा अशा आहेत: पीएच ५.५ ते ९, टीएसएस लिटरला १०० मिलिग्रॅम, तेल-ग्रीस १०, नायट्रेट-नायट्रोजन १०, अमोनिया-नायट्रोजन ५०, लोह ३. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात याहून कडक आकडे असतील तर तेच धरायचे.

रिपोर्ट वाचताना दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. पहिला नायट्रेटचा. काही प्रयोगशाळा आकडा ‘नायट्रेट’ म्हणून देतात, काही ‘नायट्रेट-नायट्रोजन’ म्हणून. पहिल्याला ४.४३ ने भागलं की दुसरा मिळतो. ११० चा आकडा पाहून घाबरण्याआधी तो कोणता आहे हे विचारा. नायट्रोजनच्या हिशेबात तो फक्त २५ असू शकतो. दुसरा घोळ लोहाचा. आपल्या बेसॉल्टमध्येच वजनाने दहा टक्क्यांच्या आसपास लोहाची ऑक्साइडं असतात. गढूळ नमुना आम्लात शिजवून तपासला की लोह भरमसाट दिसतं, पण ते विरघळलेलं नसतं, ती दगडाची भुकटीच असते. ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेला नमुना वेगळा तपासायला सांगा. त्यात लोह जवळजवळ शून्य आलं आणि पीएच साडेसात-आठच्या घरात असला, तर तुमच्याकडे फक्त गाळ आणि नायट्रोजन आहे. गाळलेल्या पाण्यातही लोह निघालं, पीएच सहाच्या खाली असला आणि सल्फेट चढं असलं, तर थेट शेवटचा भाग वाचा. तिथलं गणित निराळं आहे.

रोजचं पाणी किती?

पंपाच्या प्लेटवरचा आकडा धरू नका. उंची आणि पाइपची लांबी यांमुळे प्रत्यक्ष पाणी बरंच कमी पडतं. २०० लिटरचा पिंप किती सेकंदांत भरतो ते पाहा. पुढच्या सगळ्या हिशेबासाठी एक उदाहरण धरू: सेकंदाला ७ लिटर देणारा पंप रोज दोन तास चालतो, म्हणजे साधारण ५० घनमीटर.

हे ५० घनमीटर दोन तासांत वाफ्यात ढकलायचं नाही, चोवीस तासांत सोडायचं. म्हणजे मिनिटाला ३५ लिटर. १५ लिटरची बादली २६ सेकंदांत भरली तर प्रवाह बरोबर आहे. कायमच्या मोजणीसाठी पत्र्यात ९० अंशांची व्ही-खाच कापून बसवा. खाचेच्या टोकापासून पाणी साडेचार सेंटिमीटर वर असलं की तेवढाच प्रवाह भरतो. उंची खाचेवर मोजू नका, अर्धा मीटर मागे मोजा, कारण खाचेशी पाणी खाली वाकतं.

गाळाचं तळं

भुकटी किती वेळात बसेल हे कणाच्या आकारावर ठरतं, आणि त्यातला फरक मोठा आहे. दीड मीटर खोल पाण्यात १० मायक्रॉनचा बेसॉल्ट कण सुमारे साडेतीन-चार तासांत तळ गाठतो, ५ मायक्रॉनचा १४ तासांत, २ मायक्रॉनचा पावणेचार दिवसांत. घरी करायची चाचणी सोपी आहे: पारदर्शक लिटरच्या बाटल्यांत पाणी भरून सावलीत ठेवा, चार तासांनी, एका दिवसाने आणि चार दिवसांनी मागे वर्तमानपत्र धरून वाचता येतं का पाहा.

आपल्या उदाहरणात २ मायक्रॉनपर्यंतचे कण बसवायला कागदावर १२५ चौरस मीटर पृष्ठभाग पुरतो. वारा आणि सरळ धावणारं पाणी यांमुळे दुप्पट धरा: १० × २५ मीटर, खोली दोन मीटर, त्यातला खालचा अर्धा मीटर गाळाचा. रुंदी दहाच्या वर नेऊ नका, कारण पोकलेनचा हात दोन्ही काठांवरून मध्यापर्यंत पोचायला हवा. पंप चालला की पाणी २० सेंटिमीटर वर चढेल आणि दिवसभरात हळूहळू उतरेल, तेवढी जागा सांडव्याखाली मोकळी ठेवा. बाहेर जाणारा पाइप तरंगता ठेवा आणि त्याचं तोंड पृष्ठभागाखाली १०–१५ सेंटिमीटरवर येऊ द्या. त्यामुळे पाण्याची पातळी काहीही असली तरी प्रवाह सारखा राहतो, वरचा डिझेलचा तवंग आत जात नाही आणि तळचा गाळही ओढला जात नाही.

टीएसएस ८०० वरून १०० वर आणलं तर रोज ३५ किलो, वर्षाला जवळपास १३ टन भुकटी तळ्यात बसते. ओल्या गाळात ती १७ घनमीटरच्या आसपास जागा घेते. कागदावर तळं सात वर्षं पुरतं. एकदा रस्त्यावरचं पाणी आत शिरू दिलंत की एका पावसाळ्यात भरतं.

चार दिवसांनंतरही बाटली गढूळच राहिली, तर ती दगडाची भुकटी नव्हे, वरच्या थरातली काळी माती आहे. ती आपणहून बसत नाही, तुरटी लागते. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम तुरटी विरघळवा. या द्रावणाचा एक मिलिलिटर एका लिटर नमुन्यात घातला की १० मिलिग्रॅमचा डोस होतो. १०, २०, ३०, ४० असे डोस चार बाटल्यांत घाला, मिनिटभर जोरात आणि दहा मिनिटं हळू ढवळा आणि अर्ध्या तासाने जी सगळ्यात कमी डोसची बाटली स्वच्छ दिसेल तो डोस घ्या. तुरटीचं द्रावण तळ्याच्या तोंडाशीच सोडायचं. वाफ्यात कधीच नाही.

वाफा किती मोठा?

उघड्या पाण्याच्या वाफ्यात नायट्रेट काढण्याचा दर वर्षाला २५ मीटर, म्हणजे दिवसाला ०.०६८ मीटर (चौरस मीटरमागे तेवढे घनमीटर पाणी) धरावा. हा दर साधारण २० अंश सेल्सिअसच्या पाण्यासाठी आहे. पुण्याच्या डिसेंबरात तो जेमतेम मिळतो आणि मे महिन्यात सहज ओलांडला जातो. सूत्र असं: क्षेत्रफळ = रोजचं पाणी ÷ दर × ln(येणारं नायट्रोजन ÷ जाणारं नायट्रोजन). फोनवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये ln चं बटण असतं. येणारं २५, जाणारं ८ (मर्यादा १० असली तरी थोडी जागा सोडायची), तर ५० ÷ ०.०६८ × १.१४, म्हणजे सुमारे ८४० चौरस मीटर. आठ गुंठ्यांपेक्षा थोडं जास्त.

एकच मोठा वाफा करण्यापेक्षा साडेदहा × चाळीस मीटरचे दोन शेजारी करा. एक दुरुस्तीला काढला तरी दुसरा चालू राहतो. दोन्हींत पाणी सारखं वाटायला विटांची पेटी बांधून त्यात एकाच पातळीवर दोन व्ही-खाचा बसवा. पातळी लेव्हल ट्यूबने पाहा, नजरेने नको. दोन खाचांत एका सेंटिमीटरचा फरक पडला तरी एका वाफ्याला दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट पाणी जातं.

खोदाई आणि अस्तर

वाफ्याचा तळ आडवा अगदी सपाट हवा. लांबीला उतार दिलाच तर मीटरला एक-दोन मिलिमीटर, पाणी रिकामं करता यावं एवढाच. सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी रुंदीभर दोन मीटर रुंद, एक मीटर खोल चर ठेवा. त्यात झाडं वाढत नाहीत, त्यामुळे कुठे वाट फुटून एका बाजूने धावू लागलेलं पाणी तिथे पुन्हा पसरतं. बांधाचा आतला उतार एकास दोन (एक मीटर उंचीला दोन मीटर आडवा), माथा निदान एक मीटर, आणि पाण्यावर ४५ सेंटिमीटर बांध मोकळा.

मुरूम आणि भेगाळलेला खडक असेल तर अस्तर लागणारच. काळ्या मातीचं ३० सेंटिमीटरचं दाबलेलं अस्तर स्वस्त पडतं, पण ते एकदा वाळलं की भेगा पडतात आणि परत भरून येईलच असं नाही. मे महिन्यात पंप बंद ठेवणार असाल तर एक मिलिमीटर जाडीची एचडीपीई प्लास्टिकची शीटच घ्या. तिच्याखाली चाळलेल्या मातीचा दहा सेंटिमीटर थर द्या, नाहीतर खाणीच्या परिसरातली टोकदार खडी ती भोसकते. वर झाडांसाठी ३० सेंटिमीटर माती. माती टाकण्याआधी पाणी भरून तीन दिवस पातळी पाहा, शेजारी त्याच पाण्याची बादली ठेवून. वाफ्यातलं पाणी बादलीपेक्षा जास्त उतरलं तर गळती आहे, आणि ती आत्ताच शोधायची.

बाहेर जायच्या टोकाला ११० मिलिमीटरचा पीव्हीसी एल्बो सोल्यूशन न लावता बसवा. तो फिरवला की पातळी वर-खाली होते. आतल्या बाजूने पाइपभोवती ४०–६० मिलिमीटरची खडी रचा, म्हणजे पानं अडकणार नाहीत.

पावसाचं पाणी वरच्या अंगाला चर खोदून वळवा. एका एकरावर तासाभरात ५० मिलिमीटर पडलं तर २०० घनमीटर होतं, म्हणजे आपल्या चार दिवसांचं पाणी एका तासात. ते वाफ्यातून गेलं तर मुळांसकट सगळं नाल्यात.

झाडं, आणि त्यांचा खरा उपयोग

पाणकणीस (काही जण रामबाण म्हणतात) हे मुख्य पीक. ओढ्याकाठी मिळतं, गाळ आणि क्षार सोसतं. काठाला वाळा आणि कर्दळ लावता येते. जलपर्णी कितीही फुकट मिळाली तरी आणू नका. ती पृष्ठभाग झाकते, खालच्या अंगाला निसटली की नदीत पसरते, आणि इंद्रायणी-मुळा-मुठेत ती आधीच पुरेशी आहे.

डोळा असलेलं २०–३० सेंटिमीटरचं मूळखोड घ्या, पानं ३० सेंटिमीटरवर छाटा, ६० सेंटिमीटर अंतरावर लावा. दोन्ही वाफ्यांना दोन हजारांच्या आसपास खोडं लागतील. जूनचा पहिला चांगला पाऊस हा उत्तम मुहूर्त, नाहीतर फेब्रुवारी अखेर. पहिले तीन आठवडे पाणी २–५ सेंटिमीटरच ठेवा. लावल्या लावल्या ३० सेंटिमीटर पाणी भरणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. नव्या कोंबाला हवा मिळत नाही, तो कुजतो, आणि लागवड परत करावी लागते. पाणी वाढत्या झाडाच्या उंचीच्या एकतृतीयांशाहून वर नेऊ नका. आठ-दहा आठवड्यांत ३० सेंटिमीटरवर याल.

झाडं नायट्रेट ‘पितात’ म्हणून पाणी स्वच्छ होतं, असं समजू नका. ती पितात ते थोडंच. बहुतेक काम पाण्याखालच्या कुजक्या पानांवर वाढणारे जिवाणू करतात. प्राणवायू संपला की ते नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन वायू हवेत सोडतात. त्यांना खायला कार्बन लागतो: एक ग्रॅम नायट्रेट-नायट्रोजनला सीओडीच्या (सेंद्रिय पदार्थ जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या) मापात निदान २.९ ग्रॅम, व्यवहारात चारच्या आसपास. आपल्या उदाहरणात रोज ८५० ग्रॅम नायट्रोजन काढायचं, म्हणजे रोज साडेतीन किलो कार्बनी खाद्य. खाणीच्या पाण्यात ते जवळजवळ नसतंच. सोसायटीच्या मैलापाण्यात ते आयतं असतं, इथला फरक तोच. त्यामुळे पहिल्या वर्षी वाफा हिरवागार दिसतो आणि बाहेरचं नायट्रेट मात्र जागचं हलत नाही.

उपाय आपल्या शिवारातच आहे. उसाचं पाचट किंवा भाताचा पेंढा सुतळीने गच्च बांधून, दगड बांधून झाडांच्या पट्ट्यात बुडवा, चौरस मीटरला किलोभर. पहिला आठवडा-पंधरवडा पाणी चहासारखं तपकिरी येईल आणि सीओडी वाढलेला दिसेल. ते पाणी बाहेर न सोडता गाळाच्या तळ्यात परत पंप करा. दुसऱ्या वर्षापासून पाणकणसाची पडलेली पानंच हे काम बरंचसं करतात. म्हणूनच वाफा ‘स्वच्छ’ करायचा हुरूप आवरा. जानेवारीत कापणी करायची असेल तर अर्ध्याच भागाची करा, आणि कापलेलं पाण्यात पडलं तर पडू द्या. अपवाद काठाच्या तीन मीटर पट्ट्याचा. तो मार्चआधी साफ हवाच, कारण वाळलेलं पाणकणीस भडकतं आणि खाणीवर दारूचा साठा असतो.

अमोनिया जास्त असेल तर उलट गरज असते, हवेची. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला साडेचार ग्रॅमहून जास्त ऑक्सिजन लागतो. तळ्यातून वाफ्यात येताना पाणी चार-पाच दगडी पायऱ्यांवरून उतरवा आणि पहिले पाच-सहा मीटर झाडं विरळ ठेवा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी हवा, मग पाचट.

बिघाड कसा ओळखायचा

प्रत्येक वाफ्यात पाणी निदान साडेचार दिवस राहायला हवं. प्रत्यक्षात राहतं का, हे मिठाने कळतं. १५ किलो मीठ ५०० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून एका वाफ्याच्या तोंडाशी तासाभरात हळूहळू सोडा (दाट मिठाचं पाणी एकदम ओतलं तर ते तळाशी जाऊन बसतं). बाहेर दर चार तासांनी टीडीएस मीटरने मोजा. आकडा तिसऱ्या-चौथ्या दिवशी सर्वांत वर गेला तर ठीक. पहिल्याच दिवशी गेला तर पाण्याने वाट फोडली आहे. बहुतेकदा ती बांधाच्या कडेने किंवा म्हशींनी तुडवलेल्या पट्ट्यातून असते. ती जागा पाचटाच्या गाठोड्यांनी अडवून पुन्हा लागवड करा, आणि कुंपण घाला.

मे महिन्यात दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तर ८४० चौरस मीटरवरून रोज पावणेसात घनमीटर पाणी उडतं. तेवढ्याने बाहेरचा टीडीएस चढतो. तो बिघाड नाही, फक्त नोंद ठेवा. डासांसाठी चरांमध्ये गप्पी मासे सोडा. सडक्या अंड्याचा हलका वास आला तर घाबरू नका, पण तो तीव्र झाला तर पाचट जास्त झालंय.

पाणी आम्लधर्मी असेल तर

हे पुण्याच्या बेसॉल्टमध्ये सहसा होत नाही. चंद्रपूर-वणीच्या कोळसापट्ट्यात किंवा गंधकयुक्त खनिज असलेल्या खाणीत होऊ शकतं. पायराइटला (लोह आणि गंधकाच्या खनिजाला) हवा-पाणी लागलं की सल्फ्युरिक आम्ल आणि लोह सुटतं. पुण्यात बसून अशा खाणीचं डिझाइन करणाऱ्यांनी वरचं सगळं गणित बाजूला ठेवावं.

आधी आम्लता काढा, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात (सगळे आकडे लिटरला मिलिग्रॅममध्ये): ५० × (२ × फेरस लोह ÷ ५६ + ३ × फेरिक लोह ÷ ५६ + ३ × ॲल्युमिनियम ÷ २७ + २ × मँगनीज ÷ ५५), आणि पीएच ३ असेल तर वर ५० मिळवा, ४ असेल तर ५. क्षारता या बेरजेहून जास्त असेल तर उथळ, हवेशीर वाफा चालतो. तिथे लोहासाठी चौरस मीटरला दिवसाला १० ग्रॅम धरा. सेकंदाला २ लिटर पाणी आणि लिटरला २० मिलिग्रॅम लोह असेल तर रोज साडेतीन किलो लोह, म्हणजे ३५० चौरस मीटर. मँगनीज लोह संपल्यावरच बसू लागतं, तेही अर्धा ते एक ग्रॅमच्या दराने, म्हणून त्याला जागा कितीतरी जास्त लागते.

आम्लता जास्त असेल तर झाडांआधी चुनखडी हवी. जमिनीखाली झाकलेला चुनखडीचा चर सर्वांत स्वस्त, पण अट कडक: पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, फेरिक लोह आणि ॲल्युमिनियम, तिन्ही लिटरला एक मिलिग्रॅमच्या आत. नसतील तर दगडावर गंजाचं किंवा पांढऱ्या चिकट साक्याचं कवच चढतं आणि चर निकामी होतो. संपर्क १५ तासांचा हवा. सेकंदाला एक लिटरसाठी ५४ घनमीटर पोकळी, म्हणजे जवळजवळ ११० घनमीटर चुनखडी, आणि पुढच्या वर्षांत विरघळणारा दगड त्याहून वेगळा. अट पाळता येत नसेल तर शेणखत आणि चुनखडी मिसळलेला ३०–६० सेंटिमीटरचा थर असलेला वाफा करा आणि त्याला आम्लतेसाठी चौरस मीटरला दिवसाला साडेतीन ग्रॅमच धरा. इथे सडक्या अंड्याचा वास हवाहवासा: सल्फेट खाणारे जिवाणू कामाला लागल्याची ती खूण.

चुनखडी म्हणून आलेला ट्रक रिकामा करण्याआधी दगडावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. फेस यायला हवा. मात्र एकाच तुकड्यावर भरवसा नको: आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांतही कॅल्साइट असतं, वाघोलीच्या खाणींतल्या झिओलाइटच्या खड्यांशेजारी ते सापडतं, आणि त्या जागी साधी काळी खडीही फसफसते. दहा तुकडे नव्याने फोडा आणि आतल्या ताज्या बाजूवर थेंब टाकून पाहा.